कोणीतरी ही डबी उघडा!

मित्रांनो, मी टाकाची एक जुनी निब आहे, आणि हे सारे मी तुम्हांला टोफूच्या ठोकळ्यात उभी रुतून सांगते आहे. टोफू म्हणजे सोयाबीनच्या दुधाचा तो मऊ, पांढरा ठोकळा; आमच्या तोक्योत घरोघरी खातात तो. माझ्या उजव्या हाताला एक वाकलेली सुई आहे आणि डाव्या हाताला गाद्या शिवायचा दाभण. दोघेही गप्प आहेत. त्यांचे आयुष्य कापडात तोंड खुपसून गेले, त्यांना बोलायची सवय नाही. मला आहे. आणि मला राग आला आहे, तो आज सांगून टाकल्याशिवाय मी इथून हलणार नाही. तसेही हलता येत नाही म्हणा.

दर फेब्रुवारीत, आठ तारखेला, थकलेल्या सुया इथे देवळात आणतात. जन्मभर टणक वस्तूंना टोचले, आता शेवटी मऊ जागी विसावा घ्या, असे म्हणून त्यांना टोफूत टोचतात आणि हात जोडतात. रिवाज चांगला आहे. मरणाच्या वेळी आमचे फार लाड होतात, याबद्दल माझी तक्रारच नाही. माझी तक्रार आहे ती जन्म आणि काम यांच्यामधल्या काळाबद्दल.

माझा जन्म अराकावा भागातल्या मिनोबे यांच्या कारखान्यात झाला. कारखाना म्हणजे पत्र्याचे छप्पर, त्याखाली दोन दाबयंत्रे, एक भट्टी आणि मागच्या दाराशी मुळ्याच्या लोणच्याची पिंपे. मी आधी पोलादाची पट्टी होते. पट्टीला स्वतःचे मत नसते. खाडकन साचा खाली आला आणि मी चपट्या पानासारखी पट्टीतून सुटले. मग पोटाला भोक पाडले, पाठीवर ठसा उमटवला, दुसऱ्या साच्यात दाबून पन्हळीसारखी गोलाई दिली. यात हौसमौज कसली? पुढे भट्टीत लाल होईपर्यंत तापवून धपकन तेलात बुडवले. कारागीर लोक याला पोलादाला पाणी देणे म्हणतात. बुडवायचे तेलात आणि म्हणायचे पाणी दिले! माणसे जे करतात ते सरळ शब्दांत सांगत नाहीत, हे मला जन्मदिवशीच कळायला हवे होते.

पाणी दिलेले पोलाद ताठ आणि ठिसूळ असते. त्याचा ताठा उतरवायला त्याला पुन्हा मंद आचेवर धरतात. तेव्हा अंगावर रंग चढत जातात: आधी वाळल्या गवताचा, मग तांबूस, मग जांभळा, मग निळा. कोणत्या रंगावर आचेपासून दूर करायचे, त्यावर निबेचा स्वभाव ठरतो. मिनोबे एरवी तांबूस रंगावर थांबत. आमच्या घाण्याला मात्र ते भट्टीसमोर उकिडवे बसून राहिले, श्वास रोखून. जांभळा निळ्यात मिसळू लागला आणि त्यांनी आम्हांला बाहेर ओढले. मग टोक घासले, टोकापासून पोटाच्या भोकापर्यंत चीर पाडली, आणि गंज चढू नये म्हणून अंगावर तेलकट लेप दिला. शेवटी त्यांच्या पत्नीने, कुमेने, आम्हांला एकेक करून डाव्या अंगठ्याच्या नखावर दाबून पाहिले. चीर अलगद फाकायची आणि सोडताच मिटायची.

"अहो, ही तर लोण्यासारखी आहे," ती म्हणाली. "पण मोडत नाही."

मिनोबे नुसते हुं म्हणाले. ते अतिशय घुमे होते. आनंद झाला तरी हुं आणि बोट कापले तरी हुं.

या निबा ज्यांच्यासाठी बनवल्या त्या ओगिनुमा बाई. त्याच गल्लीत त्या अक्षर सुधारण्याचा वर्ग चालवत. बँकेतले कारकून, दुकानात हिशेब लिहिणाऱ्या मुली, लग्न ठरलेल्या मुली, सगळे त्यांच्यापुढे गुडघे मोडून बसत आणि टाकाने कित्ता गिरवत. वसंतात बाई निबा घ्यायला आल्या होत्या. जाता जाता कुमेला म्हणाल्या, "निबा छान असतात हो तुमच्या. फक्त तो शेवटचा फराटा ओढताना जरा अडतं. माझाच हात जड असेल म्हणा."

फराटा म्हणजे अक्षराच्या शेवटी दाबून जाड करत न्यायची आणि मग केसासारखी बारीक करत सोडून द्यायची ती रेघ. पडद्यामागे मिनोबेंनी हे ऐकले. बाईंचा हात जड नव्हता, निबच ताठ होती, हे त्यांना ठाऊक होते. नवा साचा कापण्यात त्यांचा सगळा वसंत गेला. त्यातून निघालेल्या पहिल्या डझनभरांपैकी मी एक.

आता यात काय पणाला लागले होते तेही ऐका. त्याच सुमारास एक खेळण्यांचा व्यापारी मिनोबेंकडे येऊ लागला होता. त्याला टिनाचे बेडूक करून हवे होते, किल्ली दिली की टुणकन उडी मारणारे. "आता टाकाने कोण लिहितंय मिनोबेराव?" तो म्हणे. "ज्याच्या त्याच्या खिशाला पेन लटकतंय. तुमची यंत्रं मला द्या, बेडकांवर बंगला बांधाल." मिनोबेंनी त्याला वर्षअखेरीपर्यंत थांबायला सांगितले. आणि कुमेला म्हणाले, "बाईंनी या निबेला बरं म्हटलं, तर बाकीचे वर्गही हीच मागतील. मग निबा चालू. नाही म्हटलं, तर हा साचा भंगारात आणि आपण बेडकांत."

एवढे लांबलचक वाक्य ते लग्नानंतर प्रथमच बोलले असतील. बेडूक, मित्रांनो! माझ्या जातीच्या जागी बेडूक!

तर उन्हाळ्यात, भेटी द्यायच्या दिवसांत, आम्हांला एका लाकडी डबीत कापसावर निजवले. कुमेने डबी कागदात गुंडाळून दोरीने बांधली. ती डावखुरी, त्यामुळे तिची गाठ उलटी बसते. वर भेटीचा कागद, त्यावर मिनोबेंचे नाव. मी मनात म्हटले, झाले, आता संध्याकाळपर्यंत शाई.

बाईंच्या दारात जे झाले ते मी डबीतून शब्दन् शब्द ऐकले.

"उन्हाळा फार आहे," मिनोबे म्हणाले.

"फारच हो. आणि तुम्ही एवढ्या उन्हात आलात!"

"हे... विशेष काही नाही. अगदीच क्षुल्लक वस्तू आहे. उगीच आपलं."

क्षुल्लक! भट्टीपुढे श्वास रोखून बसलेला हा माणूस, वसंतभर साचा कापून बोटांची सालटी काढून घेतलेला हा माणूस, मला क्षुल्लक म्हणाला! तिथली रीतच तशी आहे, देणाऱ्याने आपली वस्तू टाकाऊच म्हणायची. पण निदान ती काय आहे एवढे तरी सांगाल?

"कशाला एवढे श्रम घेतलेत? नको, नको," बाई म्हणाल्या. दोनदा नको म्हणायचे आणि तिसऱ्यांदा दोन्ही हातांनी घ्यायचे. आणि देणाऱ्यासमोर उघडायचे तर मुळीच नाही, तो हावरटपणा. दोघे एकमेकांपुढे वाकले, पुन्हा वाकले, आणि मिनोबे निघून गेले.

"सांगितलंत का त्यांना, काय आहे ते?" घरी कुमेने विचारले.

"लिहिलं की कळेलच त्यांना."

"आणि तोंड देवाने कशाला दिलंय? नुसते घास कोंबायला?"

हे मला कुमेनेच पुढे सांगितले. ती ही गोष्ट अजून भेटेल त्याला सांगते.

बाईंनी डबी आधी देवघरात वडिलांच्या तसबिरीपुढे ठेवली. मग कपाटात. "मिनोबेरावांकडची वस्तू आहे, चांगलीच असणार," त्या आईला म्हणाल्या. "एखादा चांगला दिवस बघून उघडू." आणि कपाट बंद केले. अहो बाई, पलीकडच्याच खोलीत तुम्ही त्या ताठ निबेशी झटता आहात! मला तिची खरखर ऐकू येत होती. फराटा अडे, बाई चुकचुकत, कागदाचा बोळा टोपलीत पडे. आणि मी हातभर अंतरावर कापसात लोळत होते. चांगला दिवस, चांगला दिवस! आजचा दिवस काय नासका होता?

मग ती न्हाणीघराच्या दारातली भेट झाली. मिनोबे सार्वजनिक न्हाणीघरातून गळ्यात पंचा टाकून बाहेर येत होते आणि बाई घंगाळे घेऊन आत जात होत्या. डबीबद्दल बाईंकडून काही निरोप आला नव्हता. मिनोबेंनी सारे धैर्य गोळा करून विचारले, "त्या दिवशीचं ते... कसं वाटलं?"

बाई ओशाळल्या. उघडून पाहिलेच नाही असे कसे सांगायचे? त्यांनी तिथल्या कोणाही सभ्य माणसाने म्हटले असते तेच म्हटले. "मिनोबेराव, माझ्यासारखीला ते फारच भारी झालं हो. माझी तेवढी योग्यता नाही."

मित्रांनो, त्या गल्लीत सरळ नाही कोणी म्हणत नाही. स्थळ नाकारायचे असले तरी मुलीचे वडील हेच म्हणतात, आमची तेवढी योग्यता नाही. बाईंनी आभार मानले आणि मिनोबेंनी नकार ऐकला. ते खाली वाकले, घरी आले, नवा साचा तेलकागदात आणि जुन्या फडक्यात गुंडाळला आणि भंगाराच्या कोपऱ्यात ठेवून दिला.

"काय म्हणाल्या बाई?" कुमेने विचारले.

"नको म्हणाल्या."

"नको म्हणाल्या, की तुम्ही नको ऐकलंत?"

"हुं."

त्या दिवसापासून ते ताठ निबाच काढत राहिले, तेही नुसते हात चालवायचे म्हणून. भट्टीसमोर उकिडवे बसणे बंद झाले. कुमे म्हणते, ते जेवताना भात सोडून उठायला लागले होते.

इकडे पानगळीत बाईंच्या आईला खोकला झाला. डॉक्टर तेरासाका रोज येऊन गेले आणि फी घेईनात. उपकार तसाच ठेवणे म्हणजे त्या गल्लीत महापाप. बाईंनी घरभर शोधले, आणि त्यांच्या हाती कोण लागावे? आम्ही. "न उघडलेली एवढी एकच वस्तू आहे," त्या आईला म्हणाल्या. "बरं झालं उघडली नाही. उघडलेली भेट पुढे देता येत नाही." वरचा कागद बदलला, मिनोबेंचे नाव गेले, बाईंचे आले. मी आत किंचाळत होते. निबेचे किंचाळणे म्हणजे बारीक किणकिण, ती कोण ऐकणार?

ऐकली ती डॉक्टरांच्या पत्नीने. तिने डबी कानाशी धरून खुळखुळवली. "चहाचे चमचे असणार," ती म्हणाली. "चमचे आपल्याकडे पोत्याने आहेत." आणि न्हाणीघराचे मालक हाचिसुका यांनी तिला काकी नावाच्या गोड, केशरी फळांची करंडी पाठवली होती, तिची परतफेड म्हणून आमची रवानगी न्हाणीघरात झाली. पुन्हा वरचा कागद नवा. पुन्हा "अगदीच क्षुल्लक वस्तू आहे." पुन्हा "छे, छे, नको, नको."

हाचिसुका आजोबा एकटेच. त्यांनी डबी आपल्या उंच बैठकीच्या खालच्या फडताळात ठेवली. वाफ, मित्रांनो, वाफ! भिंतीपलीकडे गल्लीतले सारे बाप्ये गळ्यापर्यंत गरम पाण्यात बसून गाणी म्हणत होते, आणि ती वाफ फटीफटीतून आमच्यापर्यंत येत होती. तो तेलकट लेप नसता तर तिथेच आमचा लाल चुरा झाला असता. माझ्या बहिणी म्हणत, आता कोणी उघडणारच नाही. मी त्यांना गप्प बसवी. पण खरे सांगते, मीही घाबरले होते. गंजण्याची भीती होतीच. त्याहून मोठी भीती ही, की एकही अक्षर न लिहिता गंजायचे.

डिसेंबरात आजोबांना आठवले की न्हाणीघराच्या बंबाचे दार मिनोबेंनी दुरुस्त करून दिले होते आणि पैसे घेतले नव्हते. वर्षअखेरीची भेट द्यायलाच हवी. त्यांनी फडताळात हात घातला.

हो. तुमच्या ध्यानात आले असेल. गल्लीतल्या एकाही शहाण्याच्या आले नव्हते.

तो घरोघरच्या साफसफाईचा दिवस होता. मिनोबेंच्या घरात चटया उन्हात उभ्या केल्या होत्या, सगळ्यांच्या डोक्याला फडकी होती, आणि भंगारवाल्याची गाडी गल्लीच्या तोंडाशी हाका देत होती. आजोबा डबी देऊन, दोनदा वाकून गेले. ते वळणावर दिसेनासे होताच कुमेने वरचा कागद काढला. आणि थबकली.

"अहो, इकडे या. ही गाठ बघा."

"गाठीत काय बघायचंय? चटया झोडायच्या आहेत."

"उलटी आहे. अख्ख्या गल्लीत डावखुरी मी एकटी." तिने दोरीवरून बोट फिरवले. "ही माझी गाठ आहे हो. उन्हाळ्यात मी मारलेली. कोणी सोडलेलीच नाही."

मिनोबेंनी झोडपणी ठेवली आणि डबी डोळ्यांशी धरली.

"म्हणजे बाईंनी निबेला नाही म्हटलंच नाही," कुमे म्हणाली. "बाईंनी निब बघितलीच नाही!"

"पण त्या म्हणाल्या, योग्यता..."

"योग्यता गेली खड्ड्यात! तुम्ही म्हणायचं क्षुल्लक, त्यांनी म्हणायचं योग्यता नाही, आणि माझ्या घरात बेडूक! जा आधी. असेच जा."

आणि ते तसेच गेले. डोक्याला फडके, एका पायात स्वतःची खडाव, दुसऱ्या पायात कुमेची, आणि छातीशी आम्ही. त्या धावण्यात आमची जी आदळआपट झाली तिच्याबद्दल मी आजवर चकार शब्द काढलेला नाही.

बाई दारात धूळ झटकत होत्या. या वेळी उन्हाळा-हिवाळा काही निघाला नाही.

"बाई, ही डबी उघडा. आत्ता. माझ्यासमोर."

बाईंनी गाठ पाहिली, डबी पाहिली, आणि त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. "मिनोबेराव, ही... ही तर मी डॉक्टरांना..."

"गल्लीभर हिंडून आली. ते जाऊ दे. उघडा."

उलटी गाठ बाईंना सुटेना. शेवटी मिनोबेंनीच ती दातांनी ओढून सोडवली. झाकण निघाले. उजेड! किती महिन्यांनी मी उजेड पाहिला, आणि उजेडात पहिल्यांदा दिसला तो बाईंचा चेहरा. त्यांनी मला दोन बोटांत धरले आणि पाठीवरचा निळसर रंग पाहिला.

"तुम्ही वसंतात म्हणाला होतात," मिनोबे जमिनीकडे बघत म्हणाले, "की फराटा अडतो."

"मी तर माझाच हात जड म्हटलं होतं!"

"तेही ऐकलं मी. हात जड नव्हता, बाई."

बाईंनी मला टाकात बसवले, शाईत बुडवले आणि कागदावर टेकवले. आणि काय सांगू तुम्हांला! शाई माझ्या अंगावरून अळूच्या पानावरच्या पाण्यासारखी ओघळून गेली. तो तेलकट लेप! ज्याने वाफेतून मला वाचवले त्यानेच ऐन वेळी दगा दिला. कागदावर एक डाग, बाकी काही नाही. मिनोबेंच्या कपाळावर घाम आला. लेप पुसायचा राहिला हे सांगायलाही त्यांचे तोंड उघडेना.

बाईंनी डागाकडे पाहिले. मग इतक्या मोठ्या, इतक्या नेमस्त बाईंनी, ज्यांच्यासमोर मुली शिंकायलाही घाबरत, त्यांनी मला सरळ तोंडात घातले, जिभेने चांगले चोळले आणि फडक्याला पुसले. शिष्टाचार गेला चुलीत! मला तेव्हाच कळले की आता काहीतरी खरे घडणार.

त्यांनी "चिरकाल" या अर्थाचे अक्षर काढले; आमच्याकडे अख्ख्या शब्दाला एकच अक्षर असू शकते. शिकणारे सगळे तेच काढतात, कारण त्या एका अक्षरात टिंब, आडवी, उभी, आकडा, फराटा, सगळी वळणे येतात. मी टिंब टेकवले. उभी रेघ खाली आणली. आणि मग शेवटचा फराटा आला. बाईंनी हळूच दाबले, माझी चीर फाकली, शाई रुंद होत गेली, मग त्यांनी हात हलका केला आणि मी मिटत, मिटत, कागदावरून निघून गेले. कुठेही अडले नाही. इतके दिवस मी जिच्यासाठी कापसात किंचाळत होते ती हीच रेघ. मला रडू आले असते, पण माझ्यातून फक्त शाईच येते.

बाईंनी तेच अक्षर पुन्हा काढले. आणि पुन्हा. मिनोबे दाराशी गुडघे मोडून बसले होते.

"मिनोबेराव," बाई शेवटी म्हणाल्या, "रीतीचं सांगू की खरं सांगू?"

"खरं. रीतीचं ऐकून फार झालं."

"मग ऐका. फराट्याला मी बोट लावणार नाही. असा फराटा माझ्या हातून आजवर उतरला नव्हता. पण आकडा वर उडवताना शिंतोडे उडतात, हे बघा. टोक उजवीकडून खरखरतं. आणि पोट लहान आहे, एकदा बुडवलं तर जेमतेम दोन अक्षरं होतात, मुलांचा जीव दौतीतच जाईल."

पाहिलेत? पहिल्याच दिवशी तीन खोडी! मी लालबुंद झाले. पण मिनोबेंकडे पाहिले आणि माझा राग जागच्या जागी विरघळला. ते हसत होते. दात दिसेपर्यंत हसत होते. मी त्यांचे दात प्रथमच पाहिले.

"म्हणजे चालेल?" त्यांनी विचारले.

"चालेल कोण म्हणालं? सुधारून आणा म्हणतेय. नव्या वर्षात माझ्या सगळ्या मुलांना हीच लागेल."

मिनोबे वाकायचेही विसरले आणि पळत सुटले, कारण भंगारवाल्याची हाक आता लांबून येत होती.

पुढचे कुमेच्या तोंडून ऐकलेले. ते घरी पोहोचले तेव्हा गाडी निघून गेली होती आणि कोपरा लखलखीत रिकामा होता.

"कुमे, इथं फडक्यात बांधलेला... तो..."

"तो जडशीळ ठोकळा?"

"दिलास?"

कुमेने त्यांचा हात धरला आणि मागच्या दाराशी नेले. मुळ्याच्या पिंपावर, झाकणाच्या मधोमध, तेलकागदात गुंडाळलेला साचा ऐटीत बसला होता.

"दगड हलका पडत होता," ती म्हणाली. "मुळा नीट दबत नव्हता."

"कधीपासून?"

"तुम्ही टाकून दिलात त्या दिवसापासून. उन्हाळ्यात काकड्यांवर होता, आता मुळ्यावर आहे."

"मग मला सांगितलं का नाहीस?"

"तुम्ही विचारलंत का?"

मुळ्यासाठी ठेवला की आणखी कशासाठी, ते तिने कधीच सांगितले नाही. मी म्हणते ना, सगळे एका माळेचे मणी!

बेडूक दुसऱ्या कोणाच्या तरी कारखान्यात गेले. मिनोबेंनी टोक सुधारले, पोट वाढवले, आणि बाईंच्या पाठोपाठ इतर वर्गांनीही ती निब मागितली. बंगला काही झाला नाही. छप्पर पत्र्याचेच राहिले, पण मिनोबे पुन्हा भट्टीसमोर उकिडवे बसू लागले आणि भात संपवून उठू लागले.

मी बाईंकडेच राहिले, त्या तीन खोडींसकट. मी मुलांचे कित्ते लिहिले, लग्नाच्या आमंत्रणांवर नावे लिहिली, आणि बाईंची आई गेली तेव्हा आलेल्या प्रत्येकाला आभाराचे पत्रही लिहिले. त्या दिवशी बाईंचा हात खरोखर जड होता, मी जमेल तेवढा पेलला. रोज काम झाले की त्या मला फडक्याने पुसून ठेवत. एकदा एका विद्यार्थिनीने मला शाईतच बुडवून ठेवले आणि घरी निघून गेली. माझ्या खांद्यावर गंजाचा ठिपका आला. बाईंनी तिला असे फैलावर घेतले की ती आजही स्वतःच्या मुलांना टाक पुसून ठेवायला लावते. माझ्या बहिणी एकेक करून झिजल्या, मोडल्या. पुढे माझीही चीर मिटेनाशी झाली. मग मी टाचण्यांच्या बशीत पडून राहिले, वर्षानुवर्षे, रबराच्या तुकड्यांखाली. त्याचाही राग आला, पण तो राग वेगळा होता. ते दमलेल्याचे पडून राहणे होते.

आज सकाळी बाईंनी मला बशीतून शोधून काढले. त्या आता काठी घेऊन चालतात. बरोबर मिनोबे आणि कुमेही होते. देवळातल्या माणसाने मला पाहून कपाळाला आठ्या घातल्या.

"आजी, इथं फक्त सुया. ही तर निब आहे."

"टोचण्यात कोणत्या सुईला हार गेली नाही ही," बाई म्हणाल्या. "सरका."

आणि त्यांनी मला टोफूत रोवले. रांगेत माणसे ताटकळत होती, तरी त्या वाकून माझ्याशी बोलल्या, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात. "शेवटपर्यंत उजवीकडे खरखरलीस. शिंतोडे उडवून माझे दोन किमोनो नासवलेस. पण तुझ्यासारखा फराटा मला पुन्हा मिळाला नाही. नव्या निबांतही नाही." मग त्या मिनोबेंकडे वळल्या. "ऐकलंत ना? नाहीतर परत म्हणाल, बाई नको म्हणाल्या."

"हुं," मिनोबे म्हणाले. आणि त्यांनी बाहीने डोळे पुसले.

मित्रांनो, तुमच्याही कपाटात एखादी डबी असेलच. चांगल्या दिवसासाठी राखलेली, कागदात गुंडाळलेली, कोणीतरी क्षुल्लक म्हणून तुमच्या हातात दिलेली. ती आज उघडा. आतली वस्तू वापरा, वापरून झाली की पुसून ठेवा. आवडली तर देणाऱ्याला आवडली म्हणा, खरखरत असेल तर खरखरते म्हणा. तो त्यासाठीच जेवणाचा भात सोडून बसलेला असतो.

आता ते तिघे फाटकाबाहेर गेले आहेत, कुमेचा आवाज अजून ऐकू येतो आहे. हा टोफू मऊ आहे, पांढराशुभ्र आहे, अगदी कोऱ्या कागदासारखा. आणि जवळ शाई नाही, याचा मला अजूनही राग येतो.